घोड्याला लावलेला हात

मच्छिंद्र सर : पन शून्य कसं देतील? तू थांबलीस, फळीला पाय लागला न्हाई, मंग पुन्यांदा पळायला मिळतं. त्या हिरव्या कपड्यातल्या पोरीला मिळालंच की. मी वरून बघितलं.

कृपा : तिचं वेगळं होतं, सर.

मच्छिंद्र सर : काय येगळं? ती बी अर्ध्यात थांबली, तू बी थांबलीस. एक गुन कापायचा आनी परत पळू द्यायचं, अशी रीत हाय. एवढं मला बी कळतं.

कृपा : पाणी आहे का तुमच्याकडे?

मच्छिंद्र सर : घे. सावकाश पी. तुझ्या रेश्मा मॅडम काय करत हुत्या? संघाच्या कोच हायेत ना त्या? पंचांशी भांडायला नको का?

कृपा : त्यांनी विचारलं जाऊन. पंच म्हणाले, निर्णय बरोबर आहे.

मच्छिंद्र सर : मला आत सोडलं असतं तर मी विचारलं असतं. गळ्यात पासाची पट्टी न्हाई म्हनून आमी भायेर. आख्ख्या देशातली पोरं-पोरी जिम्नॅस्टिकला नगरात आल्यात, आपल्या बेलापूरचा टेम्पो भरून आला, आनी ज्यानं शिकवली त्यानं वर पत्र्याखाली बसायचं. टेम्पोतनं आलेल्या रतनबाईला काय, ती तर उभीच ऱ्हायली माझ्या म्होरं. तू थांबलीस तेवढं दिसलं, मंग नुसतं तिचं लुगडं. टाळ्या लई पडल्या तेवढ्या ऐकल्या. कशाच्या गं टाळ्या?

कृपा : अशाच. आपलेच लोक ना ते.

मच्छिंद्र सर : थांबलीस का पन?

कृपा : पाऊल हुकलं. एक जास्तीचं पडलं. तशीच फळीवर गेले असते तर मानेवर आले असते.

मच्छिंद्र सर : मंग थांबलीस ते शानपनाचं केलंस. उडीचा घोडा काय पळून जात न्हाई. मान मोडल्यावर कोन देनारे दुसरी?

कृपा : सर, त्याला टेबल म्हणतात आता.

मच्छिंद्र सर : म्हनू दे. माझ्या शेडात तो घोडाच हाय. थांबल्यावर मंग काय केलंस?

कृपा : काही नाही. मागे आले.

मच्छिंद्र सर : तेवढंच?

कृपा : हो. मला सगळ्यांत जाऊन बसायचं नाहीये, सर. मॅडमनी थोडा वेळ सोडलंय. आपल्या मुली बीमवर आहेत, मग फ्लोअर. फ्लोअरला मला उतरावं लागेल, संघात माणूस कमी आहे म्हणून. तिथे माझं काही नाही. माझं जे काय होतं ते व्हॉल्टवरच होतं. उद्याच्या फायनलला गेले असते तर देशाच्या कॅम्पला घेतलं असतं.

मच्छिंद्र सर : आनी न्हाई गेलीस तर?

कृपा : तुम्हाला माहीत आहे ना. जूनमध्ये पुण्याला, एंजेला आत्याकडे. नर्सिंगला. पप्पांशी तसं ठरलंय.

मच्छिंद्र सर : मी बोलतो तुझ्या बापाशी. पंचांनी अन्याव केला म्हनून सांगतो. अन्यावात पोरीचा काय दोष?

कृपा : तसं नका सांगू.

मच्छिंद्र सर : का?

कृपा : नका सांगू एवढंच म्हणते.

(प्रभुदास जिना उतरून येतात.)

प्रभुदास : इथे आहात होय दोघं. मी सगळा हॉल पालथा घातला. कृपा, फ्लोअरच्या आधी आत यायला सांगितलंय मॅडमनी.

कृपा : हो, पप्पा.

मच्छिंद्र सर : मास्तर, बरं झालं आलात. पोरीवर अन्याव झालाय. आपन अर्ज करू. तुमी इंग्रजीतनं लिहा, मी सही करतो.

प्रभुदास : अन्याय नाही झाला, सर. मी रेश्मा मॅडमना दारापाशी बोलावून विचारलं. त्यांनी नीट समजावलं. थांबली इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं, दुसरी संधी होती. पण थांबल्यावर ही चालत पुढे गेली आणि टेबलाला हात लावला. पळत आल्यावर उडी न मारता हात लावला, की उडी झाली असं धरतात आणि शून्य देतात. सगळ्यांना एकच नियम आहे.

मच्छिंद्र सर : हात लावला?

प्रभुदास : मलाही तेच विचारायचंय. कृपा, कशाला लावलास?

कृपा : लागला.

प्रभुदास : लागला नाही, बाळा. मी पाहत होतो. तू हात लावलास आणि कपाळाला नेलास. आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात सगळ्यांत आधी मी वाजवल्या. शेजारी जामखेडचे एक गृहस्थ बसले होते, त्यांना म्हणालो, बघा, चुकली तरी वळण सोडत नाही आमची मुलगी. ते पण वाजवायला लागले. मला काय माहीत मी कशाला टाळ्या वाजवतोय.

कृपा : पप्पा, पुरे ना.

प्रभुदास : सर, तुम्ही बसा बघू खाली. सर? त्या कट्ट्यावर बसा.

मच्छिंद्र सर : माफी मागितलीस तू. घोड्याची.

कृपा : सोडा ना, सर.

मच्छिंद्र सर : मीच सांगितलंय ह्ये. चढायच्या आधी पाया पडायचं, आनी हुकलं तर आधी माफी मागायची, मंगच माघारी वळायचं. मल्लखांबाला तसं, दोराला तसं. शेडात घोडा आला तवा म्हनलं, ह्यालाबी तसंच. न्हाई मागितली तर मी पुन्हा चढू देत नव्हतो पोरांना. हिला तर एकदा सांजपातुर बसवून ठेवलं हुतं.

कृपा : तुम्हाला नियम माहीत नव्हता.

मच्छिंद्र सर : तुला म्हाईत हुता?

कृपा : हो. मॅडमनी किती वेळा सांगितलं होतं. थांबलात तर हात मागे बांधा आणि सरळ वळा. मला पाठ होतं, सर. पण थांबले, आणि डोक्यात काहीच राहिलं नाही. पाय आपले पुढे गेले. हात कपाळाला लागला तेव्हा कळलं मी काय केलं ते. वर टाळ्या चाललेल्या, आणि समोर मॅडम तोंडावर हात धरून उभ्या.

मच्छिंद्र सर : आनी मघाधरनं मला सांगत न्हाईस.

कृपा : सांगून काय झालं असतं? तुम्ही जेवला नसता चार दिवस.

प्रभुदास : चौथीत होती ही, तेव्हा मी आलो होतो तुमच्याकडे भांडायला. चर्चमध्ये लोक विचारायला लागले होते, मास्तरांची मुलगी लाकडापुढे वाकते म्हणून. मी म्हणालो, सर, आमच्यात हे चालत नाही.

मच्छिंद्र सर : व्हय. आला हुता तुमी. मी चहा पाजला.

प्रभुदास : तुम्ही म्हणालात, देव म्हणून नाही वाकायचं, मास्तर, आपल्या पोरीला ते झेलतं म्हणून वाकायचं. मला पटलं ते. घरी हिच्या आईला पटत नव्हतं, तिलाही मीच पटवलं. पाळकांना पण मीच सांगितलं.

मच्छिंद्र सर : तवा तुमी ऐकायला नको हुतं माझं.

प्रभुदास : असं कसं म्हणता?

मच्छिंद्र सर : खरं तेच म्हनतो. तुमी अडून बसला असता तर आज पोरगी फायनलला असती. मास्तर, एक वरीस द्या हिला. मी हात जोडतो. चूक माझी हाय, तिची भरपाई पोरीनं का करायची?

प्रभुदास : हात नका जोडू. तुमच्यावर माझा राग नाही, आणि ही शिक्षा पण नाही. गुडघा दुखतो तिचा. अंधारात उठून बाम लावते, आम्हाला कळत नाही असं तिला वाटतं. एंजेलाताईनं पुण्यात शब्द टाकून जागा धरून ठेवलीय, ती पुढच्या वर्षी राहायची नाही. माझ्या पाठीमागे हिच्या हातात काहीतरी असावं, एवढंच बघतो मी.

मच्छिंद्र सर : कृपा, तू बोल की. तुझं तू सांग.

कृपा : मला करायचंय. पप्पांना पण माहीत आहे मला करायचंय. पण फायनल नाही गाठली तर जाईन, हे मीच बोलले होते, त्यांनी बोलायला लावलं नव्हतं. आता कोणत्या तोंडाने मागू? मला फार वाईट वाटतंय, सर. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही येत नाहीये.

मच्छिंद्र सर : पोरी, मला माफ कर.

कृपा : तुम्ही नका म्हणू असं. तुम्ही असं म्हणालात की मला आत जाता येणार नाही.

प्रभुदास : पुकारलं बघ. महाराष्ट्र, फ्लोअर. जा, केस नीट कर.

कृपा : जाते. सर, एक विचारायचं होतं. फ्लोअरच्या कडेला उभी राहिले की मी खाली वाकून हात लावते, तुम्हाला माहीतच आहे. पंचांनी खूण करायच्या आधी लावला तर काही कापत नाहीत. मी मॅडमना विचारून घेतलंय. वाकू का नको?

मच्छिंद्र सर : नको. सरळ जा. आता कशाम्होरं वाकू नको.

कृपा : पप्पा?

प्रभुदास : वाक. शेवटचंच आहे.