इल्झेकडे पोचायला उशीर झाला

मी दाभोळ खाडीच्या काठचा. आमचं घर कोकणी मुसलमानांचं, वडील होडीवर होते, ते गेले तवा मी शाळेत होतो आणि मागे तीन बहिणी, मंग शाळा तिथंच राहिली आणि मामाने मला इकडे सौदीला आणलं, जेद्दात, एसी दुरुस्तीच्या कामाला. तवापासून तिथल्या अझीझिया मोहल्ल्यातच आहे. बहिणींची लग्नं केली, एकेक करून, आणि धाकटीचं झालं तवा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. आई फोनवर बोलायची, आता तुझं बघू. पण पोरीवाले बोलायचे, वय झालं. काय सांगू तुमाला, तसं वाईट वाटायचं नाय मला, सवय झाली होती.

इल्झे मला फोनवर भेटली. हसू नका. माझ्या खोलीत हैदराबादचा करीमभाई राहायचा, त्याने माझा फोटो एका साइटवर टाकला, दुसऱ्या देशातल्या माणसांशी लग्न जमवणाऱ्या. गंमत म्हणून टाकला. तिकडून लाटविया नावाच्या देशातल्या एका बाईने लिहिलं. मी तो देश नकाशात शोधला, वर, रशियाला लागून, तिथंही समुद्र आहे. ती मासे धुरावर भाजायच्या कारखान्यात कामाला होती. मी लिहिलं, आमच्यात मासे उन्हात सुकवतात. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून बरं झालं, कोणाला कोणाची लाज नव्हती. सगळे बोलले, फसवतात या गोऱ्या बायका, आज ना उद्या काहीतरी मागेल. आणि तिने मागितलं काय, तर तुमच्या घरासमोरची खाडी दाखव. मी तर इथं, मंग बहिणीने फोन घेऊन खाडी दाखवली.

दोन वर्षं असं बोलणं चाललं. मंग मी सुट्टीवर गेलो आणि ती मुंबईला उतरली, एक बॅग घेऊन, माझ्यापेक्षा उंच. आई पहिल्या दिवशी तिच्याशी बोललीच नाय. दुसऱ्या दिवशी इल्झे आपणहून ओट्यावर बसली आणि पाटीभर बांगडे साफ केले, आई उभी राहून बघत होती. रात्री जेवताना आईने तिच्या ताटात डोक्याकडचा तुकडा वाढला, तो आमच्यात घरच्या माणसाला वाढतात. कोर्टात नोटीस लावली, महिना थांबलो, लग्न झालं. निकाहही झाला. ती आपल्या धर्मातच राहिली, मी माझ्या.

पण पुढं काय. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, कामगार लिहिलंय, आणि कामगाराला बायको आणता येत नाय. युरोपच्या माणसाला टुरिस्ट व्हिसा मात्र लगेच मिळतो. म्हणजे बघा, माझी बायको बायको म्हणून येऊ शकत नव्हती, पाहुणी म्हणून येत होती. हिवाळ्यात यायची, तिकडे तवा फार थंडी. आमी एक खोली भाड्याने घ्यायचो. ती खिडकी उघडून उन्हात बसायची, मी कामावरून आलो की बोलायची, आज मी काहीच केलं नाय, फक्त गरम झाले. असे चार हिवाळे. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस माझे, बाकीचे सगळे कामाचे.

पाचव्या हिवाळ्यात ती आली नाय. बोलली, पोटात दुखतंय, डॉक्टर तपासतायत. मंग बोलली, कॅन्सर. अगदी सरळ बोलली, मीच फोन खाली ठेवला आणि परत उचलला. मी कफीलकडे गेलो, म्हणजे मालकाकडे, बोललो, मला जायचंय. तर माझा इकामा संपलेला. कंपनीने कोणाचेच नवे केले नव्हते. इकामा नाय तर देशाबाहेर जायची परवानगी नाय, तिकडचा व्हिसा नाय. मी रोज त्याच्या ऑफिसात बसायचो. तो बोलायचा, बुकरा, म्हणजे उद्या. वाईट माणूस नव्हता तो, चहा द्यायचा. पण उद्या आलाच नाय. इल्झे विचारायची, कधी येतोस. मी बोलायचो, झालंच आता. शेवटी शेवटी तिने विचारायचं सोडलं, नुसती बघत राहायची माझ्याकडे.

ती गेली तवा मी एका छतावर एसीचा पंखा बदलत होतो. तिकडे त्यांच्या शेजारी एक पोर राहते, तिला इंग्रजी येतं, तिने फोन केला आणि फोन सासूच्या हातात दिला. सासू तिच्या भाषेत काय बोलली मला कळलं नाय, आणि कळलं पण.

इकामा झाला तो नंतर. मी गेलो. कबरस्तान पाइनच्या झाडांत, सगळी वाळू. आमच्यात माणूस गेलं की तीन मुठी माती द्यायची असते, ती माझ्या हातून राहिली. सासूने माझ्या हातात दाताळं दिलं. त्यांच्यात कबरीभोवतीची वाळू दाताळ्याने सारखी करतात, आपल्या पावलांच्या खुणा पुसत मागे मागे यायचं. मी केलं, पण मला निघवेना, परत पुढे गेलो, परत पुसलं. म्हातारी झाडाला टेकून उभी राहिली, माझं होईपर्यंत.

आता सासू घरात एकटीच आहे, दुसरं मूल नाय. दर शुक्रवारी नमाज झाली की मी फोन लावतो. ती तिच्या भाषेत बोलते, मी आपल्या. मी सांगतो, आज इथं धूळ आहे, आज भात केला. कधी ती शेजारची पोर असली की सांगते, आजी विचारतेय जेवलास का. बहिणी बोलतात, आता सोड तिकडचं, दुसरं लग्न कर. नाय करायचं मला. इकाम्याची तारीख तेवढी मी सांभाळतो, महिनाभर आधीपासून मालकाच्या मागे लागतो. त्या म्हातारीला काय झालं तर मला जाता आलं पाहिजे. ज्याचं माणूस लांब आहे त्याला अल्ला वेळेवर पोचवो, तुमालाही. मी दुसरं काय मागत नाय, सासूच्या तरी मातीला मला पोचू दे.