दुर्गे सरांच्या बाटल्या

सन्माननीय अध्यक्ष सुधाकरराव, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, प्राध्यापकवर्ग, विद्यार्थी मित्रांनो, आणि ज्यांना आज आपण घरी पाठवत आहोत ते जीवशास्त्राचे दुर्गे सर, संस्थेचा सचिव या नात्याने मी सर्वांना नमस्कार करतो. खुर्चीत बसूनच करतो. कारण पुढे येईल.

निरोपाला चांगलंच बोलावं म्हणतात. तर सर कधी वर्गावर उशिरा आले नाहीत. झालं चांगलं बोलून!

आता खरं बोलतो. नव्वद सालापासून हा माणूस दवाखान्यामागच्या नालीतलं पाणी बाटल्यांत भरून आणायचा. का? तर म्हणे त्या घाणीत रोगजंतूंनाच मारणारे विषाणू असतात. जंतूची भिंत फोडायला त्यांच्यापाशी एक रस असतो, तो वेगळा काढला की औषध होईल. मी म्हटलं, "मास्तर, दुकानात कॅप्सूल मिळते की!" तर म्हणतात, "उत्तमराव, फवारून फवारून कापसावरची अळी मरेनाशी झाली ना? तुमी शिंक आली की कॅप्सूल खाता, अन् बरं वाटलं की सोडता. जंतूबी तसेच निगरगट्ट होऊन राह्यले."

माझ्या कॅप्सूल मोजणारा हा कोण? दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना 'नालीवाले मास्तर' म्हणू लागलो. तुम्हीही म्हणू लागलात. आता माना खाली काय घालता? ते आले की नाक धरून स्टाफरूममध्ये कोण हसायचं, नावं घेऊ का?

काही वर्षांनी म्हणाले, रस निघाला. काचेच्या बशीत जिथे थेंब पडला, तिथला जंतूंचा थर विरघळून गेला. नेमकी त्याच आठवड्यात हैदराबादहून तपासणी समिती यायची होती. प्रयोगशाळेत वास नको म्हणून मी चंपत शिपायाला सगळ्या बाटल्या मोरीत ओतायला लावल्या. सर दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "फ्रिजातली एक तरी राहू द्या." राहू दिली नाही. समितीने स्वच्छतेची तारीफ केली. मी योग्यच केलं. सचिवाने काय वास घेत बसायचं?

यंदा पोळ्याला माझ्या टाचेत खिळा रुतला. त्यात शुगर. जखम भरेना, वर चढू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी होती नव्हती ती औषधं देऊन पाहिली. म्हणाले, या जंतूला कशाचाच धाक राहिलेला नाही.

मग मी सरांच्या घरी गेलो. हो, गेलो. इतक्या वर्षांत त्यांचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला. सरांच्या पत्नी विमलबाईंनी चहा दिला, तो प्यायलो. विचारलं, "एखादी बाटली उरली असेल?"

"नालीत पानी आजबी आहे, उत्तमराव. पन तुमच्या जंतूचा वैरी शोधायचा, रस काढायचा, तपासायचा, याले वर्षं लागते. तुमच्या पायापाशी किती दिवस आहेत?"

"सोमवारी कापतात. गुडघ्यापासून."

"अन् प्रयोगशाळेची किल्ली मी शनिवारी तुमच्याच हाती देऊन राह्यलो," असं म्हणून सर हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा राग अजून आहे.

आज शनिवार. ही पाहा किल्ली, पोचली.

पाहुण्यांचे, मांडववाल्यांचे, चहा देणाऱ्यांचे आभार. बसून बोललो, तेवढं सभेने पोटात घालावं. बाटल्यांबद्दल मी माफी मागणार नाही, आणि मागितली तरी सर देणार नाहीत. शाल मात्र त्यांनीच इकडे येऊन घ्यावी, मला उठवत नाही. या सर. आणखी जवळ या. वास येतोय, मला माहीत आहे. नाक धरलंत तरी चालेल.