भाच्यावर केस

मी कानात हेडफोन घालून बसलो होतो, पण गाणं बंदच होतं. आसगाव-भंडारा बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर नवरा-बायको होते. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये.

"वकिलाले आज खरं सांगा. भाच्याच्या ट्रॅक्टरनं पाय मोडला म्हणा."

"दवाखान्यात तं वावराच्या धुऱ्यावरून पडलो म्हणून सांगितलं ना मी."

"कायले सांगितलं पण?"

"भाचा जीवन रडून राहिला होता. आपल्यात मामाच भाच्याच्या पाया पडते. त्याच्यावर केस करू का?"

"मंग पडा आता पाया. वाकता तरी येते का?"

"भरपाईसाठी त्याले ट्रॅक्टर विका लागन वं."

"अजी, त्याले काही द्या लागत नाही. इन्शुरन्सवाली कंपनी भरते. वकिलानंच सांगितलं फोनवर."

"खरंच? मंग आधी काहून नाही बोलली? चाल, सांगतो आज सगळं."

"फक्त चालवणाऱ्याचं लायसन पाहिजे म्हणे. नाही तं कंपनी मंग त्याच्याकडूनच वसूल करते."

नवऱ्यानं खिडकीची काच सरकवली.

"अजी, चूप काहून झाले? जीवनजवळ लायसन आहे ना?"

"कंडक्टर साहेब, आम्हाले भंडाऱ्याच्या आधी कारध्यालेच उतरवा."

"वकील भंडाऱ्याले बसते!"

"माहीत आहे मले. धर ते पिशवी."