ताईचा नंबर

हॅलो?

हॅलो… बोला. अहो बोला की, बोलायचे पैसे नाहीत.

कोण म्हणून मला काय विचारता, फोन तुम्ही केलाय… थांब. थांब थांब. मेहुणीबाई?

अगं ठेवू नकोस… ठेवू नकोस, मीच आहे. भावोजी. हो… नंबर बरोबर आहे. ताईचाच आहे. तिचा फोन चालू आहे आणि मी उचलला, एवढंच झालंय.

घाबरलीस? … मी काय कमी घाबरलो? न बघताच उचलला, मग स्क्रीन पाहिली तर 'धाकटी'. वर्ष होत आलं, या फोनवर 'धाकटी' आलं नव्हतं.

बस आधी. खुर्ची ओढ… पाणी आहे का जवळ? पी. पी सावकाश. मी कुठे जातोय.

हां. आता सांग. घरी सगळे बरे ना? नवरा? … मग झालं काय?

टीव्ही? … आत्ताचा? आत्ताचा भाग पाहिलास तू?

आणि मला ओळखलंस? अगं, माझ्या तोंडावर फडकं होतं. सगळं अंग पट्ट्यांत गुंडाळलेलं. शूटिंग संपून पट्ट्या सोडल्या तर दिग्दर्शकाने मला विचारलं, आपण कोण? … कशावरून ओळखलंस?

करंगळी. … हो हो, पायाची, ती वाकडी. ताई म्हणायची, सगळी बोटं नांदतायत, हिलाच तेवढी माहेरी जायची घाई.

अच्छा… म्हणजे करंगळी दिसली आणि तू आपला फोन उचललास… तिला सांगायला. 'ताई, तुझा नवरा टीव्हीवर.'

हं.

…हं. कळलं.

यात वेड लागायचं काय आहे? अगं ऐक ना… ऐक. मी अजून कुलूप काढून घरात शिरलो की ओरडतो, 'चोर, चोर.' तिला दचकवायला. मग मीच दचकतो. इतका रिकामा आवाज येतो ना परत.

कशाला चालू ठेवलाय म्हणजे? असू दे की. खातो का काही? … नाही गं, कोणाचे फोन येणार. त्या कर्ज देणाऱ्या मुलींचे येतात. मॅडम आहेत का? मी सांगतो, मॅडम आंघोळीला गेल्यात. तेव्हापासून आंघोळच चाललीय मॅडमची. परवा एक म्हणाली, सर, मग साधारण कधी केला तर भेटतील?

…काही नाही. काय सांगणार. मी ठेवला फोन.

हस, हस. हसायलाच सांगतोय.

काम? काम काय, मढ्याचं. बायबलमधल्या गोष्टींची मालिका आहे ना ती. दोन बहिणींचा भाऊ आजारी पडतो, त्या प्रभूंना निरोप धाडतात, आणि प्रभू पोचेपर्यंत भाऊ मरून चार दिवस झालेले. मग ते गुहेपाशी जाऊन हाक मारतात आणि तो उठून बाहेर येतो. तो मी.

वाक्य? एकही नाही. मी लेखकाला गाठलं ना. म्हटलं, माणूस मरून परत येतोय, काहीतरी बोलेल की नाही? पाणी तरी मागेल. तर म्हणाला, काका, मूळ गोष्टीतच तो गप्प आहे, मी कुठून आणू? … काका नाही, मयतकाका. सेटवर हेच नाव आहे माझं. मेकअपवाली लांबून ओरडते, मयतकाका आले का? नवीन माणूस असला की टोपी काढतो.

अगं पट्ट्यांची गंमत ऐक. जुन्या दिसायला हव्यात म्हणून कपडेवाल्याने युनिटच्या उरलेल्या चहात भिजवल्या. साखरेच्या चहात. मी आत दगडावर आडवा, आणि मुंग्या. मांडीपासून सुरुवात. आणि मढ्याने खाजवायचं नाही… कसं सहन केलं काय, मला वाटलं प्रभूंच्या आधी मुंग्याच उठवतात मला.

हो… ते रडणं खरं वाटलं तुला? मलाही. अगं ते ना… सांगू का? बाहेरचं काही दिसत नव्हतं मला. अंधार नुसता. आणि बाहेर वीस-पंचवीस बायका रडतायत. माझ्यासाठी. रोजंदारीवर रडतायत, माहीत आहे मला, पण छान वाटत होतं. दिग्दर्शक 'कट' म्हणाला तरी मी उठलो नाही. म्हटलं, रडू दे अजून जरा.

मग काय, गेले सगळे जेवायला. गुहेच्या तोंडावर दगड तसाच लावलेला. मला विसरले आत.

शपथ. … नाही, या वेळी थाप नाही. विचार कुणालाही. अर्धी मंडळी जेवून हात धुतायत तेव्हा मेकअपवालीला आठवलं.

भीती कसली… बरं होतं. शांत. फक्त एक कळलं मला तिथे, की आपल्याला शोधत कुणी येणार नाहीये. म्हणजे… युनिटचं म्हणतोय मी. युनिटचं.

मी? मी मजेत. मला काय धाड भरलीय… जेवतो. बनवतो मीच. ताईपेक्षा बरं बनवतो, सांगू नको तिला.

…हं. नाही सांगणार तू. बरोबर.

ऐक, तुला एक सांगायचं राहिलं. त्या दोन बहिणींपैकी मोठी धावत येऊन मिठी मारते ना? वर ते व्हायोलिन, पाऊस वगैरे? … ते नंतर घातलं. आधी वेगळंच झालं होतं. धाकटी बहीण झालेली मुलगी नवीन आहे, काडीसारखी. मी लटपटत बाहेर आलो तर ती जागची हललीच नाही. सगळे ओरडतायत, पळ, पळ. ती आली चालत, आणि फाडकन माझ्या दंडावर एक ठेवून दिली. म्हणाली, 'होतास कुठे?'

हो ना. मला तेच खरं वाटलं. पण दिग्दर्शक म्हणाला, लोकांना चालणार नाही, दुःखात रागावतात का कुणी? कापलं.

…तू पण? तिच्यावर? … अगं मग राग येणारच. रोज फोन उचलणारी बाई अचानक उचलेनाशी झाली… हो. हो हो. मी पण भांडतो. कपाटाशी. तिने सगळ्या चादरी कुठल्या क्रमाने लावल्यात ते मला अजून कळलेलं नाही.

नाही, उघडलं नाही फारसं. तुझ्यासाठी काही ठेवलंय तिने त्यात, पिशवीवर तुझं नाव आहे… नको नको, ये म्हणत नाहीये मी. माहीत आहे मला, तुझा पाय निघत नाही या घरात. जिना चढून दारापर्यंत येऊन परत गेलीस ते वॉचमनने सांगितलं मला… दोनदा, हो. अगं रागावलो नाही. तुझ्या जागी असतो तर मीही पळालो असतो, पण मी इथेच राहतो ना, मी कुठे पळू.

काय? … कुठली हाक? प्रभूंची? नाही, ती त्या नटाचीच, खरी. मोठा आवाज आहे त्याला. दगडातून आरपार. 'बाहेर ये.' आणि मला आत पडल्या पडल्या काय वाटलं माहितीये…

जाऊ दे.

सांगतो… सांगतो. तुला आठवतं, हॉस्पिटलमध्ये शेवटी तू एका बाजूला, मी एका बाजूला, आणि आपण तिला हाका मारत होतो? आणि ती सिस्टर आली, म्हणाली, हळू बोला, इतर पेशंट झोपलेत. आणि आपण दोघं शहाणी… हळू बोलायला लागलो.

तेच. तेच आलं मनात. आपण हाक हळू मारली.

…अगं नाही. तसं काही नसतं, वेडी का तू. गोष्ट आहे ती. टीव्ही आहे… रडू नकोस. बरं, रड. रड तू.

आहे. आहे मी लाइनवर.

…काय काढू? तिचा आवाज?

नाही. नाही हं, ते नाही.

माहीत आहे, पूर्वी काढायचो. पूर्वी ती इथे बाजूला बसून पोट धरून हसायची. मागे तिच्या आवाजात तुला अर्धा तास बनवलं होतं, तू सासूची सगळी गाऱ्हाणी माझ्यापाशी ओकलीस… हो, आणि शेवटी म्हणालीस, भावोजींना सांगू नको. ते वेगळं होतं. तेव्हा फोन तिच्याकडे देता यायचा.

करून बघितला गं. स्वयंपाकघरात, एकदा. … नाही, आला. हुबेहूब आला, तोच तर घोळ. आवाज आला आणि मी मागे वळून बघितलं.

नको मागूस ते. दुसरं काही माग.

…एकच वाक्य, एकच वाक्य म्हणतेस, पण बोलायचं काय? परत आलेल्याने काय बोलायचं ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. लेखकालाच माहीत नाही.

कुठलं? … ते दुधाचं?

हां… ते. तुझ्याशी बोलून कंटाळली की गॅसवर दूध. या घरात मी दूध उतू गेलेलं कधी पाहिलं नाही, पण तुझा फोन आला की रोज जायचं. आणि 'करते नंतर' म्हणून परत केला का कधी तिने? तूच करायचीस.

…

बरं.

बरं, थांब. घसा साफ करतो. तू डोळे मीट, आणि मध्ये बोलू नकोस. मध्ये बोललीस तर माझं सुटेल.

…

…हां, बोल गं. हो, मीच. किती रडतेस, नाक पूस आधी… पाहिला बाई, पाहिला टीव्हीवर, मेला तोही चहात भिजून. जेवलीस का तू? … बरं ऐक ना. रविवारी जाऊन ये जरा याच्याकडे. दाराशी जाऊन परत फिरू नकोस, बेल मार. हा स्वतःहून बोलवायचा नाही तुला, नुसता खिदळत बसेल. कपाट उघडायला लाव त्याला, खालच्या खणात तुझी पिशवी आहे… हं. हं. रविवारी, नक्की ना? … चल, ठेवते गं. गॅसवर दूध आहे.

मी करते नंतर.