राक्षसीण मरायला हवी

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याने कान टवकारले, कारण शेजारच्या बाकावर चक्क खुनाची बोलणी चालली होती. एक बाई भयकथांचं कॉमिक काढणारी चित्रकार, दुसरी तिची संपादक, आणि दोघींच्या मध्ये अंकाचं अर्धवट काढलेलं शेवटचं पान.

"राक्षसीण आज राजपुत्राच्या हातून मेलीच पाहिजे. संध्याकाळी अंक छापायला जातोय."

"ताई, माझा हातच चालत नाही."

"मागच्या अंकात तिला अख्खं गाव खायला घातलंस, तेव्हा बरा चालला!"

"ते गाव होतं. ही आई आहे."

"कोणाची?"

"माझी. चेहरा तिचाच घेतलाय. सुळे तेवढे मनाचे."

"अगं बाई! त्यांना माहीत आहे?"

"छे! दर अंक वाचते, पण काही बोलत नाही."

"थांब, मीच विचारते त्यांना."

"आत्ता नको हं! आत दाढ काढताहेत तिची."

तेवढ्यात दार उघडलं आणि तोंडात कापूस धरून आई बाहेर आली. तिने चष्मा लावून पान पाहिलं.

"मरतेय वाटतं मी?"

"आई, तुला... तुला कसं कळलं?"

"आरशात बघते मी रोज. पण मरताना रडतेय कशाला ही? आत्ता दाढ उपटली, रडले मी?"

"मग काय करू दे, काकू?"

"हसू दे. आणि जाता जाता त्या राजपुत्राला चावू दे."

चित्रकाराने राक्षसिणीचे अश्रू खोडले आणि पेन्सिल सरसावली.

"पुढचा पेशंट!"

शिंपी जागचा हलला नाही. "दोन मिनिटं थांबा हो," तो गाल धरूनच म्हणाला, "आधी काकूंना मरू द्या."