उद्याचं बोलावणं

कळंबच्या थांब्यावर मी यवतमाळच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. धाकटी थोरलीला 'एस्तेर मावशी' म्हणत होती.

"दवाखान्यात कोण आहे तुमचं, मावशी?"

"माह्यं कोणी नाही. ज्याइले कोणी नाही, त्याइले जेवू घालाले जातो."

"पोरगी वारल्यावर तुम्ही दार बी उघडत नव्हत्या म्हणे."

"नव्हती उघडत. प्रार्थना बी सुटली होती. मंग चर्चमधल्या एका बाईनं मले ओढतच दवाखान्यात नेलं. तिथं एक म्हातारी पाणी मागून राह्यली होती. तिचे हात थरथरत होते, म्हणून मी चमच्यानं पाजलं."

"मंग?"

"मंग ती म्हणे, उद्या येशील ना? घरी आल्यावर वाटलं, लई दिवसांनी मले कोणीतरी उद्यासाठी बोलावलं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेली."

"देवासाठी जाता म्हणा की."

"येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे मी लहानपणापासून ऐकत आली. पण धुताना त्याले किती बरं वाटलं असंल, हे त्या म्हातारीचे पाय पुसताना समजलं."

"बरी झाली काय ती?"

"नाही, गेली. तवा मी लई रडली. पोरीसाठी रडू आलं नव्हतं, ते बी त्यातच निघालं."

"मंग आता कायले जाता?"

"तिच्या खाटेवर दुसरी आली ना. तिले दात नाहीत, म्हणून आज भात मऊ शिजवला."