खंडेनवमीची सुट्टी

— नाही निंगत म्हणजे नाही निंगत, गुरुजी, किती वेळा सांगू? बसा. त्या स्टुलावर बसा. हे चपटं लोखंड पाहता ना — हार्ड डिस्क — कॉम्प्युटरची याददाश्त समजा, सारं याच्यातच राह्यते. तेच बसलं. तुमच्या मंडळीच्या, चांगुणाबाईच्या, जात्यावरच्या साऱ्या ओव्या याच्यात होत्या. साडेसहाशे ना? — सहाशे बासष्ट. बरं, सहाशे बासष्ट. आकडा बरा पाठ हाय तुमाले. ओव्या नाही पाठ? नसतीनच. लिहून घेणाऱ्याले कायले पाठ राह्यते!

एकदम? नाही हो, एकदम नाही गेलं. पोळ्यापासूनच आवाज देऊन राह्यलं होतं — टक, टक, भिंतीवरच्या पालीवाणी. मंग एक फाइल उघडाले अख्खा चहा पिऊन व्हावा इतका टाइम. मंग एका लग्नपत्रिकेतून नवरीचं नावच गायब! अकोल्याचा मेकॅनिक आला, कान लावला, म्हणे दयारामभाऊ, याचे दिवस भरले, बदला. अन् बदलेपर्यंत बंद करू नका, थांबलं तं पुन्हा फिरणार नाही. चालू हाय तवर सारं फ्लॉपीत उतरवून घ्या. — मंग काय? मंग खंडेनवमी आली ना! त्या दिवशी कास्तकार औत धरत नाही, सुतार वाकस धरत नाही, अन् म्या मशीन चालू ठेवू? बंद केलं, हळदकुंकू लावलं, हार घातला. तुम्ही आलेच होते त्या दिवशी — पुस्तक बाईच्या वर्षश्राद्धाले वाटाचं हाय, कधी देतो म्हणून. पेढा नाही दिला तुमाले? तुम्ही तं फूल वाह्यलं त्याच्यावर, हात जोडले. दसऱ्याले बटन दाबलं — टक टक टक, अन् गप.

वह्या आणा ना मंग, पुन्हा टाइप करतो, माह्यं काय जाते. — हाव, आठवलं. बाई गेल्या तवा त्यायच्या राखेसंगं पैनगंगेत सोडल्या तुम्ही. आता सारं दयारामच्या मशीनीत हाय म्हणून. अन् प्रूफाचे कागद? दुरुस्त्या झाल्या अन् रद्दीत गेले. कचोऱ्या बांधल्या असतीन कोणं.

— ह्या पत्रिका? ह्या कशा निंगून राह्यल्या म्हणता? ह्या फ्लॉपीतल्या. अष्टमीच्या संध्याकाळी उतरवल्या म्या. साऱ्या पत्रिका, भजनी मंडळाचं पत्रक, सारं. — तुमचं राह्यलं. अहो, राह्यलं! फ्लॉप्या संपल्या. ह्या दोन कोऱ्या? ह्या तवा... होत्या. बरं, होत्या! एकीतच मावलं असतं तुमचं. बोट होतं माह्यं बटनावर. अन् तुमचं नाव दिसलं — अर्जुनराव गुरुजी, अमडापूर.

अन् मले एकाहत्तर साल दिसलं. चौथीचा वर्ग. माही वही, मायनं चुलीपुढं बसून पाठकोऱ्या कागदाची शिवलेली. तुम्ही वर धरली — हे अक्षर हाय का कोंबडीनं उकरलं? — अन् टरकन फाडली. दोन तुकडे, मंग चार. पोरं हासले. तुम्हीही हासले, गुरुजी, पोट हालेपर्यंत. म्या बोट काढून घेतलं अन् दिवाबत्ती कराले घरी गेलो. बरं वाटलं मले. खोटं काऊन सांगू? जेवलो पोटभर. — आठवते तुमाले ती वही?

नाही आठवत. मले वाटलंच.

रडू नका इथीसा, गिऱ्हाइकाचं दुकान हाय. बाईनं सांगतलं, तुम्ही लिहिलं — मी का मधात होतो? जा घरी, आठवून आठवून पुन्हा लिहून काढा. तुम्हीच म्हटलं होतं तवा, चारी तुकडे माह्या हातात देऊन. पुन्हा लिहून काढ म्हणून.

अन् हे घेऊन जा, हे लोखंड. माह्या काही कामाचं नाही. तेही सोडा पैनगंगेत. — सरका जरा, मागं नवरीचा बाप उभा हाय. या भाऊ, या! तुमची पत्रिका तयार हाय.